उसनी लिपी : वारली चौक आणि घरगुती भित्तिचित्रे

१

आजच्या मराठी मध्यमवर्गीय घरात भिंतीवर जी हाताने रंगविलेली चित्रे आढळतात, त्यांत वारली पद्धतीच्या चित्रांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे आहे. पुठ्ठा, प्लायवूडचा तुकडा, गोणपाट, जुने सूप किंवा मातीचे भांडे घ्यावे, त्यास गेरूसारख्या तांबड्या रंगाचा हात द्यावा आणि वर पांढऱ्या रंगाने दोन त्रिकोणांची माणसे, एखादे झाड, एखादी झोपडी आणि फेर धरून नाचणारी माणसांची माळ काढावी, अशी ही पद्धती आहे. तिला पैसा थोडा लागतो, शिक्षण जवळजवळ लागत नाही आणि एका दुपारी काम उरकते. ज्यांना तेवढाही अवकाश नाही त्यांच्यासाठी कापलेले साचे बाजारात मिळतात. त्यांवरून रंगाचा बोळा फिरविला की चित्र तयार होते.

या चित्रांविषयी सुशिक्षितांत दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे की, लोककलेचा हा प्रसार असून प्रसार नेहमीच इष्ट असतो. दुसरे मत असे की, कला स्वस्त झाली की ती हीन होते आणि म्हणून ही चित्रे म्हणजे एका थोर परंपरेची विटंबना होय. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिल्या मतात कशाचा प्रसार झाला हा प्रश्नच विचारलेला नाही. दुसऱ्या मतात स्वस्तपणा हे दोषाचे कारण मानले आहे. परंतु जिला मूळ म्हणावयाचे ती कला साधनांच्या दृष्टीने या नकलांहूनही स्वस्त आहे, ही गोष्ट त्यात विसरली गेली आहे. तेव्हा दोष असलाच तर तो अन्यत्र शोधला पाहिजे.

भाषाशास्त्राचा अभ्यासक चित्रकलेविषयी बोलू लागला तर त्याच्या अधिकाराविषयी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान एवढेच की, वारली चौक आणि त्याच्या घरगुती नकला यांच्यातील अंतर शब्द, वाक्य, उसनवारी आणि नाम या संज्ञांच्या साहाय्याने जितके स्पष्ट होते तितके रंग व आकृती यांच्या चर्चेने होत नाही. या विधानाची प्रचीती पुढील विवेचनातून यावी.

२

प्रथम साधनांचा विचार करू. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत वारल्यांचे जुन्या पद्धतीचे घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती व शेण यांचा लेप देतात. लग्नप्रसंगी भिंतीचा नेमका भाग सारवून त्यास गेरूचा हात देतात. तांदूळ वाटून त्याचे पाण्यात कालवलेले पीठ हा रंग आणि टोक ठेचून वा चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. यांतील कोणतीही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही. ज्या शेतात राबायचे त्याचीच माती, ज्या धान्यावर जगायचे त्याचेच पीठ. रोकड खर्चाच्या हिशोबात या चित्राची किंमत जवळजवळ शून्य येते.

परंतु मराठीत ‘किंमत’ या शब्दाशेजारी ‘मोल’ हा शब्द आहे. पहिला अरबीतून फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. दुसरा संस्कृत ‘मूल्य’ शब्दापासून झाला. दोहोंचा कोशातील अर्थ जवळजवळ एक असला तरी प्रयोगांत फरक आहे. किंमत वस्तूची असते, मोल श्रमाचेही असते. ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’ या शब्दांत माणसाच्या कष्टाचा निर्देश आहे. ‘किंमत’ शब्दापासून असे शब्द बनलेले नाहीत. ‘बिनमोल’ आणि ‘अमोल’ या दोन शब्दांची घडण सारखीच, कारण दोहोंत मोलाचा अभाव सांगितला आहे. तरी ‘बिनमोल’ म्हणजे ज्यास काही द्यावे लागत नाही ते आणि ‘अमोल’ म्हणजे ज्याचे मोल करताच येत नाही ते, अशी अर्थाची विभागणी रूढ झाली. वारली चौक साधनांच्या दृष्टीने बिनमोल आहे आणि संस्काराच्या दृष्टीने अमोल आहे. कारण चौकावाचून लग्न लागत नाही.

या मोलाला आणखी एक बाजू आहे आणि ती गृहशोभेच्या चर्चेत सहसा येत नाही. ज्या लग्नासाठी हा चौक भिंतीवर उमटत असे त्या लग्नाच्या खर्चापायी वारली तरुण सावकाराकडून अथवा जमीनदाराकडून कर्ज घेई आणि त्याच्या फेडीत तो व त्याची बायको धन्याच्या घरी राबत राहत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. वेठबिगार व लग्नगडी या पद्धतींविरुद्ध १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा जो लढा सुरू झाला त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या भिंतीवरील चित्रास एक पैसाही पडत नव्हता, त्या भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या वरास त्या लग्नाची किंमत कित्येकदा उभ्या आयुष्याने मोजावी लागे. ही वस्तुस्थिती ध्यानी घेतली म्हणजे ‘साधी, निरागस, आनंदी आदिवासी कला’ अशी जी वर्णने केली जातात ती किती वरवरची आहेत हे कळून येते. चौकातील आनंद खरा आहे; पण तो निर्वेध आयुष्यातून आलेला नाही.

३

आता क्रियापदाकडे वळू. प्रमाण मराठीत चित्र ‘काढतात’, भिंत ‘रंगवितात’, रांगोळी ‘काढतात’ अथवा ‘घालतात’, मेंदी ‘रेखतात’. वारली स्त्रिया मात्र चौक ‘लिहितात’. मिथिलेतही हाच प्रकार आहे. तेथे वधूवरांच्या खोलीतील कोहबर लिहिला जातो आणि या कलेला ‘लिखिया’ असेच म्हणतात. एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या दोन समाजांतील स्त्रियांनी विवाहप्रसंगीच्या भित्तिचित्रासाठी एकाच धातूचा आश्रय करावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यात चमत्कार काही नाही. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा असून अक्षरे लिहिणे हा अर्थ त्यापासून पुढे निघाला. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. स्तब्ध झालेल्या माणसाला ‘चित्रलिखित’ म्हणतात. उषेच्या ज्या सखीने राजपुत्रांची चित्रे काढून तिला अनिरुद्धाची ओळख पटविली तिचे नाव चित्रलेखा. ‘रेखा’, ‘रेखणे’, ‘रेखाटणे’ हे शब्दही याच धातूच्या रिख् या रूपांतराशी संबद्ध आहेत. म्हणजे लिहिणे आणि चित्र काढणे यांची फारकत ही नंतरची घटना होय. प्रमाण भाषेत शिक्षणाच्या प्रसाराबरोबर ‘लिहिणे’ हे अक्षरांपुरते उरले. ज्या समाजांना अक्षरांपासून दूर ठेवण्यात आले त्यांनी या क्रियापदाचा जुना आणि विस्तृत अर्थ जतन केला. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडात, १९०५ साली, वारली बोलीची नोंद केली आहे. ज्यांना निरक्षर म्हटले जात होते त्यांच्या भिंतींवर तेव्हाही लेखन चाललेच असले पाहिजे.

‘चौक लिहिणे’ हा प्रयोग केवळ जुन्या शब्दाचा अवशेष म्हणून सोडून देता येत नाही. जे लिहिले जाते ते वाचावयाचे असते. चौक हा शोभेसाठी नसून त्यातून काही एक सांगितले जाते आणि सांगण्याने काही एक घडते, ही जाणीव या क्रियापदात साठविली आहे. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारल्याने कृती घडते, असे प्रतिपादन केले. ‘मी वचन देतो’ हे वाक्य उच्चारणे म्हणजेच वचन देणे होय. चौक हे अशा प्रकारचे लेखन आहे. तो लिहिणे हा लग्नाचा देखावा नव्हे. तो लग्नाचाच भाग आहे.

४

या लेखनाचे व्याकरण थोडक्यात असे सांगता येईल. मध्ये चौकोन, त्याच्या चारही कडांना एकापाठोपाठ एक नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट ही देवी, जी धान्याची, वनस्पतींची आणि सुफलतेची देवी होय. सोबत सूर्य व चंद्र, फणी, शिडी, बाशिंग यांच्या आकृती. शेजारी देवचौक आणि त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. चौकटीबाहेर झाडे, पशुपक्षी, वऱ्हाडी, नाचणारी माणसे. चौक सवासिनींनी लिहावयाचा असतो आणि लग्न लावण्याचा अधिकार धवलेरी या स्त्रीपुरोहिताचा असतो. तिच्या गाण्यांवाचून विधी पुरा होत नाही. कोण आत, कोण बाहेर. काय आधी, काय नंतर. कोणी लिहावे, कोणी म्हणावे. या सर्व गोष्टी ठरलेल्या आहेत. चौकटीच्या आतील देवी काढून तेथे झोपडी बसविता येणार नाही, ज्याप्रमाणे वाक्यातील कर्ता काढून त्याच्या जागी उभयान्वयी अव्यय ठेवता येत नाही.

दोन त्रिकोणांचे माणूस, झाड, मोर हे या लेखनातील शब्द होत. चौक हे वाक्य. घरगुती नकलांत बहुधा शब्द तेवढे येतात, वाक्य येत नाही. एका कोपऱ्यात विहिरीवरची बाई, दुसऱ्यात बैलगाडी, मध्ये तारप्याचा फेर, वर उरलेल्या जागी सूर्य. यांपैकी प्रत्येक आकृती ओळखू येते. परंतु त्यांचा परस्परांशी संबंध जागा भरून काढण्यापलीकडे काही नसतो. परकी भाषा शिकण्यास आरंभ करणारा विद्यार्थी शब्दसंग्रहातील नामे ओळीने म्हणून दाखवितो, त्या प्रकारचे हे कथन आहे.

यावर आक्षेप असा येईल की, चौक तरी काय नवे सांगतो? त्याच आकृती, त्याच पट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जातात; मग पुनरावृत्तीचा दोष एकट्या साच्याच्या चित्राला का लावावा? आक्षेप महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर असे की, पुनरावृत्ती दोन प्रकारची असते. आपण ‘आई’ हा शब्द आयुष्यात असंख्य वेळा उच्चारतो. परंतु ध्वनिलेखन यंत्रावर पाहिले तर त्यांतील कोणतेही दोन उच्चार तंतोतंत सारखे नसतात. प्रसंग, श्वास, घाई, माया यांच्या खुणा प्रत्येक उच्चारात राहतात. काडीने लिहिलेल्या रेषेचे असेच आहे. काडी पिठात बुडवून टेकली की रेषा आरंभी जाड उमटते, पुढे पीठ संपत येते तशी ती बारीक व विरळ होते आणि पुन्हा काडी बुडवावी लागते. शंभर माणसे काढली तरी त्यांतील एकाचा गुडघा अधिक वाकलेला, एकीची कंबर अधिक झुकलेली असते. साच्यातून वीस माणसे काढली म्हणजे एकच माणूस वीस वेळा येतो. तेथे रेषा नसतेच. रेषेच्या आकाराचे भोक असते आणि त्यातून रंग खाली उतरतो.

तारप्याच्या नाचाचे उदाहरण घ्यावे. भोपळा व बांबू यांपासून बनविलेले तारपा हे वाद्य वाजविणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळसे घेत जाते. जुन्या हातांनी काढलेल्या चित्रांत ही साखळी उघडी असते. तिला एक डोके आणि एक शेपूट असते, म्हणून ती चालते आहे असा प्रत्यय येतो. घरगुती नकलांत तिचे पुष्कळदा बंद वर्तुळ होते, कारण ताटाभोवती पेन्सिल फिरवून ते चटकन काढता येते. वर्तुळाला आरंभ व अंत नसल्याने नाच थांबतो. एवढ्याशा सोयीने चित्राचा अर्थ बदलतो आणि तो बदलला आहे हे काढणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. टीकाकाराने बोट ठेवावयाचे ते अशा ठिकाणी. रंगाच्या बाटलीच्या किमतीवर नव्हे.

५

मूळ स्थानावरून हलविणे हाच अपराध आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. भिंतीवरून कागदावर झालेले स्थलांतर या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३४ च्या भूकंपात मिथिलेतील घरांच्या भिंती पडल्या तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तेथील चित्रे पडली आणि १९४९ साली ‘मार्ग’ या त्रैमासिकात त्याने त्यांविषयी लिहिले. पुढे १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हे चित्रकार मिथिलेत गेले आणि स्त्रियांना कागद देऊन त्यांजकडून चित्रे करून घेण्याचा उपक्रम सुरू झाला. हेच कुलकर्णी १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत वारली पाड्यांत कागद घेऊन पोहोचले.

कागद एकच आणि तो नेणारा माणूसही एकच, पण परिणाम भिन्न झाले. मिथिलेत जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी या स्त्रियांची नावे पुढे आली आणि त्यांना अनुक्रमे १९७५, १९८१ व १९८४ साली पद्मश्री मिळाली. वारल्यांत सर्वप्रथम जे नाव गाजले ते जिव्या सोमा म्हसे या पुरुषाचे. म्हसे यांचा जन्म १९३४ चा, मृत्यू २०१८ चा. १९८९ साली पॅरिस येथील जागतिक कलाप्रदर्शनात त्यांची चित्रे होती आणि २०११ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. सवासिनींचा अधिकार विधीशी बांधलेला होता. विधीबाहेरच्या कागदावर तो आपोआप लागू झाला नाही. जी जागा कोणाचीच नव्हती ती प्रथम एका पुरुषाने व्यापली आणि त्यामागून इतर पुरुष आले, असे या घटनेचे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास संभवनीय वाटते. कलेचा उत्कर्ष आणि ती कला ज्यांच्या हाती होती त्यांचा उत्कर्ष या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून दिसते.

तथापि म्हसे यांच्या चित्रांना नक्कल म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. त्यांनी चौकाचे शब्द घेतले आणि नवी वाक्ये केली. संपूर्ण कागद व्यापणारे मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे, शेतीची कामे, कथांतील प्रसंग हे विषय चौकाचे नव्हते. परंतु त्यांतील रेषा तीच आणि माणूस तोच. जाळ्याच्या चित्रात असंख्य बारीक रेषांतून एक हालता पृष्ठभाग उभा राहतो. तो साच्यातून काढता येत नाही आणि पाठ करूनही काढता येत नाही. म्हणून स्थलांतराची कसोटी अशी ठरते : नव्या जागी जुन्या शब्दांनी नवे काही सांगता आले काय?

६

ही कसोटी घरगुती चित्रांस लावण्यापूर्वी मराठी घराच्या भिंतीचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. ही भिंत पूर्वी कोरी नव्हती. नागपंचमीस गंधाने नाग काढीत. श्रावणात काही घरी जिवती भिंतीवर काढीत. हस्त नक्षत्रात हादग्यासाठी हत्तीचे चित्र मांडीत. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढीत आणि त्यात शंख, चक्र, गोपद्मे, कमळ, पाळण्यातील गौर, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र अशा आकृतींचा समूह असे. यांपैकी चैत्रांगणाची रचना तर चौकाइतकीच नेमकी आहे. कोणती आकृती घेतल्यावाचून चैत्रांगण पुरे होत नाही हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असे आणि त्या ते सुनांना व मुलींना शिकवीत.

यानंतर छापील चित्र आले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे बैठकीच्या खोल्यांत लागली. जिवतीचाही छापील कागद निघाला. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांसह जिवत्या आणि बुध-बृहस्पती असलेला हा कागद श्रावणात भिंतीला चिकटवून आजही पूजिला जातो. तो स्वस्त होता आणि सुबक होता. परंतु तो आल्यानंतर जिवती काढण्याची गरज उरली नाही. रांगोळीच्या बाबतीत हेच काम छापांनी केले. भिंतीवरील हात छापामुळे सुटला, हा या इतिहासाचा इत्यर्थ आहे.

या पार्श्वभूमीवर पाहता, एखादी गृहिणी वा एखादा शिक्षक दुपारी पुठ्ठ्याला तांबडा रंग देऊन त्यावर पांढऱ्या रेषा ओढू लागतो, तेव्हा शंभर वर्षांमागे सुटलेला हात पुन्हा भिंतीकडे वळत असतो. ही गोष्ट उपहासास पात्र नाही. जे टीकाकार या चित्रांना ‘हौशी’ म्हणून बाजूस सारतात, ते हौस या वस्तूचे सामाजिक महत्त्व जाणत नाहीत. मात्र हाताने परतताना स्वतःची लिपी विसरून दुसऱ्याची उचलली, हेही खरे आहे. गोपद्मे व पाळण्यातील गौर त्या हाताला परकी झाली आणि दोन त्रिकोणांचे माणूस जवळचे झाले. याचे एक कारण असे असावे की, घरच्या आकृती व्रतवैकल्यांशी बांधलेल्या होत्या आणि ती सुटल्यावर त्या निराधार झाल्या. वारली आकृती मात्र आपल्यापर्यंत पोहोचल्या त्याच मुळी कागदावरून, विधी मागे ठेवून. दुसऱ्याची श्रद्धा आपल्यास केवळ आकृती म्हणून दिसते, म्हणूनच ती उचलणे सोपे जाते.

उसनवारीला भाषाशास्त्र दोष मानीत नाही. कोणतीही जिवंत भाषा उसने शब्द घेतेच. परंतु उसना शब्द आपला झाला हे कशावरून ओळखावयाचे? तो आपल्या विभक्ती घेऊ लागला म्हणजे. ‘टेबल’ हा शब्द परका. पण ‘टेबलावर’, ‘टेबलाखालचा’ असे म्हणू लागलो तेव्हा तो मराठी झाला. हाच निकष येथे लावता येतो. ज्या घरगुती चित्रात त्या रेषेने काढणाऱ्याच्या आपल्या आयुष्याचा प्रत्यय घेतला, नळावरची रांग, लोकलच्या डब्यातील गर्दी, चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली धुणी ही त्या माणसांकरवी सांगितली, तेथे उसनवारी सफल झाली. जेथे कधी न पाहिलेली विहीर, कधी न हाकलेली बैलगाडी आणि कधी न ऐकलेला तारपा यांची छापील नमुन्यावरून नक्कल झाली, तेथे ती झाली नाही. अर्थ न कळता तोंडपाठ केलेल्या परक्या श्लोकाची योग्यता तिला द्यावी लागेल.

एक मर्यादा मात्र पाळावयास हवी. माणूस, झाड, मोर हे शब्द उसने घेता येतात. पालघट आणि चौक ही केवळ शब्द नव्हेत. आपल्या मंगलाष्टकांतील ओळी कोणी पडद्याच्या कापडावर नक्षी म्हणून छापल्या तर आपणास जे वाटेल, तेच चौकाची चौकट व आतील देवी उशीच्या अभ्र्यावर पाहून एखाद्या सवासिनीस वाटणे शक्य आहे. यास भाबडी भावना म्हणून टाळता येणार नाही. लग्न लावणारे लेखन आणि भिंत भरणारी आकृती यांतील भेदाची ती जाणीव आहे.

७

शेवटी नामाविषयी. ‘भिंतीवर एक वारली लावली’, ‘सुट्टीत दोन वारल्या केल्या’ अशी वाक्ये आता सर्रास कानी पडतात. ‘पैठणी’ वा ‘कोल्हापुरी’ हे शब्दही विशेषणाचे नाम होऊन वस्तूला लागले. परंतु तेथे गावाचे नाव वस्तूला मिळाले आणि गावचा माणूस पैठणकर, कोल्हापूरकर म्हणून वेगळा राहिला. ‘वारली’ हे मुळातच माणसांचे नाव आहे. ते चित्राला लागले म्हणजे माणसासाठी दुसरे नाव उरत नाही. ‘वारली स्वस्त मिळाली’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. परंतु लग्नगड्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला ते निर्विकारपणे ऐकवणार नाही.

कायद्याने या नामाची काही व्यवस्था लावली आहे. २०१४ साली वारली चित्रांची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदणी झाली. १९९९ च्या ज्या अधिनियमाखाली ती झाली त्याचा संबंध व्यापारात नाव वापरण्याशी आहे. आपल्या घरासाठी आपल्या हाताने चित्र काढणाऱ्यास तो अडवीत नाही. यंत्रावर छापलेला माल त्या नावाने विकणाऱ्यास मात्र जाब विचारता येतो. विवेकाचा नियमही याहून फारसा वेगळा नाही. स्वतः काढावे ते स्वतःसाठी आणि स्वतःचे म्हणून; विकत घ्यावे ते वारली चित्रकाराकडून आणि त्याच्या नावासह. मोल श्रमाचे असते, हा वर सांगितलेला शब्दार्थ येथे आचरणात येतो.

तात्पर्य, घरगुती भित्तिचित्राची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारावेत. रेषा हाताची आहे की साच्याची? आकृतींचे वाक्य होते की यादी? आणि ज्यांचे शब्द घेतले त्यांचे नाव माणसांचे नाव म्हणून शिल्लक राहिले की वस्तूचे झाले? किती पैसे लागले हा चौथा प्रश्न या परीक्षेत येत नाही.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांपुढे यातून एक काम उभे राहते. कुडाच्या भिंती जाऊन सिमेंटच्या येत आहेत आणि तांदळाच्या पिठाच्या जागी तयार पांढरा रंग येत आहे. भिंतीबरोबर तिच्याविषयीचे शब्दही जातात. सारवणाचे प्रकार, पट्ट्यांची नावे, काडीची नावे, चौक लिहिताना म्हणावयाची गाणी आणि ‘लिहिणे’ या क्रियापदाचे बोलींतील सर्व प्रयोग यांची पद्धतशीर नोंद घेतली पाहिजे. आणि तिच्या जोडीस चैत्रांगण, जिवती व हादगा यांच्या शब्दांचीही. ज्या सवासिनींना आणि ज्या आज्यांना हे शब्द येतात त्या हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.